बादलीत तरंगलेला तुकडा

मुलुंड पूर्वेला एक चार मजली वृद्धाश्रम आहे. दर पावसाळ्यात त्याची पश्चिमेची भिंत गळायची, म्हणून विश्वस्तांनी बाहेरून एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, लावायला घेतलं. गळती झाकली की थांबली, असा आपल्या मुंबईत समज आहे, असो. मी फायर कन्सल्टंट. मे महिन्यात काम अर्ध्यावर असताना सहज चक्कर मारायला गेलो होतो.

एसीपी म्हणजे सँडविच. चार मिलिमीटर जाडी, दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा अर्धा-अर्धा मिलिमीटर पत्रा, आणि मधल्या तीन मिलिमीटरवर सगळा खेळ. स्वस्त शीटमध्ये तिथे नुसतं पॉलिइथिलीन असतं, म्हणजे दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक. एफआर, म्हणजे आग रोखणाऱ्या, शीटमध्ये साधारण ७० टक्के खनिज भुकटी. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत.

शीट बसवणाऱ्या फॅब्रिकेटरने एफआरचं सर्टिफिकेट पुढे केलं. त्यावरचा लॉट नंबर शीटच्या मागच्या छापाशी जुळेना. मी कटिंगमधला हातभर तुकडा उचलला, पत्रा सोलला आणि आतला गाभा मावशींच्या फरशी पुसायच्या बादलीत टाकला. खनिज भरलेला गाभा बुडतो. हा बुचासारखा वर आला. मग लायटर लावला. पेटला, जळते थेंब टपटप फरशीवर पडले आणि विझवलेल्या मेणबत्तीचा वास सुटला. असल्या घरगुती चाचण्या कागदोपत्री चालत नाहीत, नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो. पण फॅब्रिकेटरचा चेहरा वाचायला त्या पुरतात.

परांचीवर चढलो. शीट आणि भिंत यांच्यात चार बोटं पोकळी असते. प्रत्येक स्लॅबला रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, ठासून ती तोडायची, नाहीतर तिचं धुराडं होतं. टॉर्च लावून खालून वर पाहिलं. चार मजले सरळ, आणि टोकाला आभाळाची पट्टी.

विश्वस्तकाकांना लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं सांगितलं. १४ जून २०१७, गाभा हाच, ७२ माणसं गेली. काका म्हणाले, "अहो, तो चोवीस मजली. आपल्याकडे अग्निशमन दलाची शिडी सहज पोचते." शिडी पोचते, हे खरंच. पण खिडक्यांना बॉक्स ग्रिल, आणि तिसऱ्या मजल्यावर नऊ जणी अशा की कूस बदलायलाही माणूस लागतो.

"रात्री इथे किती जण असतात?" मी मावशींना विचारलं.

"मी एकटी, साहेब. दुसरी खालच्या मजल्यावर."

मी एका रिकाम्या खाटेवर आडवा झालो. म्हटलं, न्या मला. दोघींनी चादरीसकट खाली घेतलं आणि ओढायला सुरुवात केली. दाराच्या दगडी उंबऱ्याला माझी पाठ अडकली, दोघींना दम लागला. जिन्यापर्यंत सव्वा मिनिट, खाली उतरायला साडेतीन. नऊ जणींचा हिशोब पाऊण तासाच्या घरात जातो, तोही दोघी असताना, आणि परत वर चढायचा वेळ न धरता.

आता फॅब्रिकेटरला शिव्या घालणं सोपं आहे, घातल्याही. पण वर्षभरापूर्वीच्या नकाशावर सही माझी आहे. पंप, हायड्रंट, जिन्याची रुंदी, सगळं तपासलेलं. एलिव्हेशनवर, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूच्या नकाशावर, लिहिलं होतं, 'एसीपी, चंदेरी'. गाभा कोणता, हे मी विचारलं नाही. आगीची यंत्रणा चालू असल्याचा जानेवारी-जुलैचा फॉर्म 'ब' भरून भरून नजर पंपावरच जायची सवय लागते, ही माझी सबब. स्वतःलाही फारशी पटत नाही.

प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला, अपेक्षेप्रमाणेच. लावलेलं सगळं काढा, असं मी लिहून दिलं. देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी मात्र आधीच लागली होती. आठवड्याने काकांचा फोन आला, "वरचे दोन मजले काढतो. खालचे राहू दिले तर? तेवढाच पैसा वाचेल."

"काका, आग वर चढते. खालचे आधी काढा."

बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बघतो."

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो. खालचा मजला उघडा झाला होता, वरचे तसेच. रात्रपाळीला वर अजूनही एकच मावशी. तिसऱ्या मजल्यावर खोलीच्या दारात मी सवयीने पाय उचलला, तर उंबरा नव्हता. मावशींनी गवंड्याला चहा पाजून तो फोडून घेतला होता. माझ्या रिपोर्टमध्ये उंबऱ्याचा उल्लेखच नव्हता.