खुबा बदलून घेताना

दुखणं जांघेत होतं आणि अधूनमधून गुडघ्याच्या आतल्या अंगाला. खुबा असाच फसवतो. ऑब्ट्युरेटर नस खुब्याला फांदी देते तशी गुडघ्यालाही देते, म्हणून कित्येकांचे आधी गुडघ्याचे एक्स-रे निघतात. मांडी घालता येईना, मोजा चढवायला वाकवेना, उताणं झोपून पाय आत वळवला की जांघेत कळ, असं असेल तर खुबाच तपासून घ्यावा. माझा पहिला एक्स-रे जवळजवळ साफ होता. एमआरआयमध्ये एव्हीएन दिसलं, म्हणजे रक्त न मिळाल्याने हाड मरणं.

मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मुख्यतः त्याच्या मानेवरून चढणाऱ्या बारीक धमन्यांतून मिळतं. त्या तुंबल्या तर दुसरी भरवशाची वाट नाही. स्टेरॉइड, दारू, मांडीच्या हाडाची ही मान मोडणं ही नेहमीची कारणं. पुष्कळदा कारण सापडतही नाही. गोळा चेपण्याआधी कळलं तर हाडात भोक पाडून आतला दाब कमी करतात. चेपल्यावर त्याचा फारसा उपयोग नसतो. माझा चेपला, म्हणून सांधाच बदलायचा ठरला.

तोवर काठी. ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरलेली माणसं पुण्यात कुठल्याही फुटपाथवर दिसतील, आणि ते चूक आहे. एका पायावर उभं राहिलं की शरीराचा भार गोळ्याच्या मध्यापासून साधारण 10-12 सेंमी आत पडतो. तो तोलून धरणारा ग्लुटियस मिडियस हा कुल्ह्याचा स्नायू मात्र जेमतेम 5-6 सेंमीवरून ओढतो, म्हणजे त्याला वजनाच्या जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो. सगळं मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट. 60 किलोच्या माणसाला 150 ते 180 किलो. काठी विरुद्ध हातात असली की ती सांध्यापासून लांब टेकते, आणि हातावर थोडा भार दिला तरी स्नायूचं काम बरंच हलकं होतं. उंची मनगटाच्या घडीइतकी ठेवावी, चप्पल-बूट घालून मोजलेली.

ऑपरेशनआधी शुगर आटोक्यात आणायची. दाताची कीड, लघवीतला जंतुसंसर्ग, बोटांमधल्या चिखल्या हे सगळं निस्तरायचं, कारण जंतू इम्प्लांटवर बसले की तिथून सहसा हटत नाहीत. विम्यात प्रतीक्षा-काळ आणि रूमभाड्याची मर्यादा बघावी. मर्यादेबाहेरची रूम घेतली तर बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाते. आत बसतात चार भाग: टायटॅनियमची वाटी, तिच्या आतलं पॉलिएथिलीनचं लायनर म्हणजे अस्तर, गोळा आणि मांडीच्या हाडात ठोकलेला स्टेम म्हणजे दांडा. त्यांचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांत असतात, त्यांचे फोटो काढून ठेवावेत. पुढेमागे लायनर बदलायची वेळ आली तर सर्जन आधी तेच मागतो.

मागच्या बाजूने चीर असेल तर खुबा 90 अंशांपुढे वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आत वळवणं पहिले सहा ते बारा आठवडे बंद. तिन्ही एकदम झालं की गोळा वाटीच्या मागून सटकतो. म्हणून पाट, चटई, भारतीय संडास विसरायचा. कमोडवर बसवायचा उंचवटा आणि वॉकर सर्जिकलच्या दुकानात मिळतो. ऑपरेशनआधीच आणून ठेवावा. गाडीत पुढची सीट मागे सरकवून आधी पाठमोरं टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. पेठांतल्या जुन्या वाड्यांचे जिने उंच आणि अरुंद: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

पोटरी सुजून दुखली, दम लागला, जखमेतून पाणी यायला लागलं तर त्याच दिवशी फोन करावा. रक्त पातळ ठेवणारं औषध सांगितलेल्या मुदतीआधी सोडू नये.

सगळ्यात कंटाळवाणा भाग तोच कुल्ह्याचा स्नायू. दुखणं गेलं तरी तो अशक्तच असतो, आणि चालताना कंबर दुसऱ्या बाजूला कलते. ओट्याला धरून उभं राहायचं, गुडघा सरळ, पाऊल समोर, आणि पाय सावकाश बाजूला उचलायचा. धड कललं की ते उचलणं बाद, मोजायचं नाही. सुरुवातीला ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. ते बहुतेक वेळा आखडलेल्या स्नायूंमुळे असतं, म्हणून दोन-तीन महिने तरी दुसऱ्या बुटात टाच भरून घेऊ नये.