आमची वाटचाल : तिसऱ्या दुरुस्तीची कसोटी

मुखपृष्ठे, मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांतील चित्रे आणि उपकरणांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांतील रेखाकृती हे आमच्या छोट्या स्टुडिओचे पहिल्या दिवसापासूनचे काम. आमच्यापैकी बहुतेक जण हाताने चित्र काढणारे आहेत, आणि पेन्सिल ठेवून डिजिटल टॅब्लेट हाती घेतानाही आम्ही बरीच कुरकुर केली होती. त्यामुळे लिहिलेल्या वर्णनावरून चित्र तयार करणारी एआय साधने २०२२ साली एकामागून एक आली, म्हणजे एप्रिलमध्ये डॅल-ई २ जाहीर झाले, जुलैमध्ये मिडजर्नी सर्वांसाठी खुले झाले आणि ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन आले, तेव्हा स्टुडिओत उत्साहापेक्षा धास्ती अधिक होती, हे आधीच मान्य करतो.

त्या काळात आम्ही जे केले त्याला चाचणी म्हणणे धाडसाचे ठरेल. जो तो मनाला येईल ते वाक्य लिहीत होता, ढगांवरचे किल्ले आणि समुद्राखालची ग्रंथालये पडद्यावर उमटत होती, आणि चार चित्रांपैकी एखादे डोळे दिपवणारे निघाले की उरलेली तीन आम्ही सोयीस्करपणे विसरत होतो. नेमके काही मागितलेलेच नसले की जे मिळेल ते चांगले वाटते, हे लक्षात येण्यासाठी एक प्रत्यक्ष काम अंगाशी यावे लागले.

ते काम एका कादंबरीच्या मुखपृष्ठाचे होते. कच्चा नमुना म्हणून आम्ही ग्राहकाला यंत्राने तयार केलेले चित्र दाखवले : खिडकीपाशी बसलेली एक वृद्ध स्त्री आणि तिच्या मांडीवर उघडे पत्र. चित्र पसंत पडले आणि एकच दुरुस्ती आली, की बाकी सारे असेच ठेवून स्त्रीची नजर पत्रावरून खिडकीबाहेर वळवावी. हाताने काढलेल्या चित्रात हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. यंत्राकडून मात्र प्रत्येक वेळी नवी स्त्री, नवी खिडकी आणि नवे पत्र येत राहिले. याचे कारण आम्हांला नंतर उमगले. ही साधने चित्रकारासारखी रेषेमागून रेष ओढत नाहीत; ती यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि दिलेल्या शब्दांच्या रोखाने तो गोंधळ टप्प्याटप्प्याने निवळत नेतात. सुरुवातीचा गोंधळ ठरवणारा ‘सीड’ नावाचा आकडा कायम ठेवला, तरी शब्द बदलले की निवळण्याची वाट बदलते, आणि नजर वळवायला सांगितली की खोलीही बदलून जाते. अखेर ते मुखपृष्ठ आम्ही हाताने काढले आणि मुदत उलटून गेल्यावर दिले. ग्राहकाला आधीचेच चित्र अधिक आवडले होते, ही गोष्ट वेगळी.

या फजितीतून आमची चाचणीची वही जन्माला आली. पूर्ण झालेल्या जुन्या कामांच्या फायलींत मूळ मागणी, आमची रफ रेखाटने आणि ग्राहकाने वेळोवेळी सांगितलेल्या दुरुस्त्या जशाच्या तशा जपलेल्या होत्या. त्यांतील काही कामे निवडली, आणि कोणतेही नवे साधन आले की त्याला आधी मूळ मागणी द्यायची व मग दुरुस्त्या ज्या क्रमाने आल्या होत्या त्याच क्रमाने, ग्राहकाच्याच शब्दांत सांगायच्या, असा नियम केला. पहिले चित्र किती सुंदर आले, याला वहीत गुणच नाहीत. गुण आहेत ते तिसऱ्या दुरुस्तीला, कारण आमच्या अनुभवात पहिली दुरुस्ती ढोबळ असते, दुसरी रंगांबद्दल असते, आणि तिसरी ‘सगळे छान झाले आहे, फक्त एवढे करा’ अशी असते. या ‘फक्त’ने भल्याभल्या माणसांचीही गाळण उडवलेली आहे.

जुन्या कामांच्या जोडीला तीन ठरलेले सापळेही आहेत. डाव्या हाताने लिहिणारी मुलगी, पाच वाजून पस्तीस मिनिटे दाखवणारे घड्याळ, आणि साखळी मागच्या चाकाच्या दात्यांपर्यंत नीट पोहोचलेली सायकल. घड्याळाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. जाहिरातींतील घड्याळांचे काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास ठेवलेले असतात, आणि अशाच असंख्य छायाचित्रांवर साधने शिकलेली असल्यामुळे वेळ कोणतीही सांगा, काटे तिकडेच ओढले जातात. डावखुऱ्या मुलीचेही तेच. साधन बहुसंख्येकडे झुकते, आणि आमच्याकडे येणारे काम बहुतेक वेळा अपवादाचे असते.

या वहीतून पाहिले, तर गेल्या काही वर्षांतील प्रगती बातम्यांत वाटते तशी एकसारखी चढती दिसत नाही. सुरुवातीचे स्टेबल डिफ्यूजन ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचे चित्र देण्यासाठी घडवलेले होते, आणि त्याचा मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकनांपलीकडचे (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) काही विचारातच घेत नसे. आमच्या लांबलचक मागण्यांची शेपटी कुठे गळून पडत होती, याचा उलगडा त्यातून झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंट्रोलनेट ही पद्धत आली, आणि मला विचाराल तर आमच्यासाठी खरा बदल तोच. त्यात हाताने काढलेले रफ रेखाटन किंवा माणसाच्या अंगस्थितीचा आराखडा साधनाला देता येतो आणि रचना त्या रेषांना धरून राहते. नजर कुठे वळवायची हे पुन्हा चित्रकाराच्या हाती आले. ज्या सहकाऱ्याने तोपर्यंत वहीला हातही लावला नव्हता, त्याने त्या आठवड्यात तिची चार पाने भरली.

त्याच वर्षी मे महिन्यात फोटोशॉपच्या बीटा आवृत्तीत निवडलेला भाग मजकुरावरून भरून देणारी सोय आली आणि तिसरी दुरुस्ती प्रथमच काही कामांत पार पडली, कारण निवडीबाहेरच्या भागाला तेथे हातच लागत नाही. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत आलेल्या नव्या चित्रनिर्मितीने संवादातून दुरुस्ती सोपी केली. मात्र एकाच चित्रावर पाच-सहा फेऱ्या केल्या की चेहरा हळूहळू परका होतो आणि रंगांवर पिवळसर छटा चढत जाते, असे आमच्या वहीत नोंदलेले आहे. ऑगस्ट २०२५ मधील जेमिनी २.५ फ्लॅश इमेज या साधनाने एकच पात्र निरनिराळ्या प्रसंगांत ओळखू येईल असे ठेवण्यात बरीच मजल मारली. गोष्टीच्या पुस्तकासाठी याहून मोलाचे काही नाही, कारण पान उलटताच नायिकेचे नाक बदलले तर ते सर्वांत आधी मुलांच्या लक्षात येते.

छपाईची कसोटी पडद्यावर कळत नाही, म्हणून ती आम्ही स्वतंत्र ठेवली आहे. एका इंचात ३०० पिक्सेल या नेहमीच्या हिशेबाने ए४ आकाराच्या पानाला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, तर १०२४ पिक्सेलची बाजू कागदावर जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर भरते. मोठे करून देणारी साधने आहेत, परंतु ती नसलेला तपशील कल्पनेने भरतात. दूरच्या झाडाच्या पानांना ते चालते, माहितीपुस्तिकेतील स्क्रूच्या आट्यांना चालत नाही. शिवाय ही चित्रे पडद्याच्या आरजीबी (लाल, हिरवा, निळा) रंगांत जन्मतात, आणि त्यांतील झगमगते निळे व हिरवे रंग छपाईच्या सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) शाईत हमखास मंदावतात. माहितीपुस्तिकांच्या रेखाकृती म्हणूनच आम्ही या साधनांकडे सोपवत नाही. अक्षरांबाबतही तसेच. रोमन लिपीतील छोटे शब्द अलीकडची साधने बरे काढतात, पण देवनागरीत अनेकदा जोडाक्षर फुटते, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते आणि शिरोरेषेखाली अक्षरासारखे दिसणारे काहीतरी लोंबकळते. शीर्षकाची अक्षरे आम्ही नेहमी वेगळ्या लेयरवर, माणसाकडूनच बसवून घेतो.

मालकीच्या प्रश्नाने आम्हांला चित्रांहून अधिक विचार करायला लावला. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेबाबत निर्णय देताना तिचा मजकूर आणि एकूण निवड व मांडणी यांना संरक्षण मान्य केले, पण मिडजर्नीने तयार केलेल्या एकेका चित्राला ते नाकारले. प्रत्येक देशाचा कायदा सारखा नाही, हे खरे. तरीही जे चित्र ग्राहक आपल्या हक्काचे समजून विकत घेतो त्यावर त्याचा हक्क टिकेल की नाही, हे त्याला आधी सांगणे आम्हांला भाग वाटले. आता आमच्या करारात चित्राचा कोणता भाग साधनाने केला आणि कोणता हाताने, हे लिहिलेले असते. हयात चित्रकाराचे नाव प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे साधनाला द्यायच्या वर्णनात, घालायचे नाही आणि ग्राहकाची अप्रकाशित संहिता बाहेरच्या साधनात टाकायची नाही, हे दोन नियमही त्याच पानावर आहेत. एका ग्राहकाने हे कलम वाचून काम परत नेले. दुसऱ्याने ते वाचून दर कमी करायला सांगितले, आणि त्याची समजूत घालणे अधिक अवघड गेले, कारण साधनाने वाचवलेला वेळ दुरुस्त्यांत कसा खर्ची पडतो हे वही समोर ठेवल्याशिवाय पटवता येत नाही.

सध्या आमच्याकडे रंगसंगतीचे पर्याय, पार्श्वभूमी आणि ग्राहकाला दाखवायचे पहिले नमुने या साधनांतून तयार होतात. माणसे, हात आणि अंतिम रेषा चित्रकार काढतात. ही विभागणी कायमची आहे असा आमचा दावा नाही, आणि दर नव्या साधनागणिक ती आम्ही पुन्हा तपासतो. अगदी अलीकडच्या चाचणीत डावखुऱ्या मुलीने पहिल्याच चित्रात पेन्सिल डाव्या हातात धरली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दुरुस्तीत फक्त तिच्या फ्रॉकचा रंग बदलायचा होता. रंग अचूक बदलला आणि पेन्सिल उजव्या हातात गेली. या मुलीचे मूळ, हाताने काढलेले चित्र जिचे होते ती आमची सहकारी स्वतः डावखुरी आहे. तिने वहीतील त्या रकान्यात डाव्या हाताने शून्य लिहिले आणि चाचणीची पुढची तारीख टाकली.