झेन ऑटोमॅटिकला तिसरं पेडल

काकांची झेन माझ्याकडे आली तेव्हा तिच्या गिअरबॉक्सचं काही खरं नव्हतं. लिव्हर डीवर (ड्राइव्हवर) टाकला की आधी नुसतं इंजिन घुमायचं, गाडी जागची हलायची नाही. मग एकदम धक्का देऊन निघायची. १९९७ ची झेन ऑटोमॅटिक, तीन गिअरवाली. मारुतीने झेन आणली १९९३ मध्ये आणि तिची ऑटोमॅटिक १९९६ मध्ये. रस्त्यावर ती तेव्हाही क्वचितच दिसायची. काकांनी घेतली ती डाव्या गुडघ्यामुळे. वापर बेताचा, त्यामुळे पत्रा शाबूत आणि ९९३ सीसीचं इंजिन ठणठणीत.

गिअरबॉक्स उघडायला पुण्यात फारसं कोणी तयार होईना. जे तयार झाले त्यांनी सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या वर जात होता, शिवाय क्लच पॅक आणि सील मिळतील याची हमी कोणी देईना. उलट साध्या झेनचा गिअरबॉक्स भंगारात हवा तसा मिळतो. गाडी मॅन्युअल करायचं ठरलं ते असं. मॅन्युअल चालवण्यातली मजा वगैरे तेव्हा डोक्यातही नव्हती.

आधी कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे आणखी ठासून सांगितलं. माझ्या आरसीवर मॉडेलच्या नावातच ऑटोमॅटिक असल्याचा उल्लेख होता. म्हणून आरटीओत लेखी अर्ज दिला: इंजिन आणि चासी तीच राहणार, गिअरबॉक्स त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचा. मंजुरी हातात येईपर्यंत एक नटही ढिला केला नाही. विमा कंपनीलाही आधीच कळवलं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण उद्या अपघात झाला तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न हाच येणार.

मग डोनर गाडी, म्हणजे जिच्यातून पार्ट काढायचे ती. माझं स्पष्ट मत आहे की या कामासाठी नुसता गिअरबॉक्स विकत घेऊ नये, अख्खी गाडी बघून घ्यावी. गिअरबॉक्स कुठेही मिळतो. अडतं ते बाकीच्यावर: पेडलचा सेट, क्लच केबल, गिअर लिव्हर आणि त्याचे खालचे रॉड, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, फ्लायव्हील आणि त्याचे बोल्ट, स्टार्टर, गिअरबॉक्सकडचं माउंटिंग, गिअर कव्हरचं रबर. यातली एखादी वस्तू राहिली की गाडी रॅम्पवर आणि आपण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानं पालथी घालतोय. आरसी रद्द झालेली, मागून ठोकलेली एक पेट्रोल झेन मिळाली आणि पुढचा सगळा भाग मी तिच्यातूनच उतरवला. पेट्रोल हे मुद्दाम सांगतो, कारण झेन डिझेलमध्ये प्यूजोचं १५२७ सीसीचं इंजिन होतं. तिचा गिअरबॉक्स समोर आला तर हात जोडून पुढे जावं.

गिअरबॉक्स उतरवणं-चढवणं हे मिस्त्रींच्या हातचं काम. संपखाली लाकूड ठेवून इंजिन जॅकवर पेललं, टॉर्क कन्व्हर्टरसकट (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) जुना गिअरबॉक्स खाली आला. ऑटोमॅटिकमध्ये क्रँकला पातळ फ्लेक्स प्लेट असते, तिच्या जागी फ्लायव्हील, म्हणजे क्लच जिच्यावर बसतो ती जड चकती. ते आधी लेथवर फेस मारून, म्हणजे सपाट करून घेतलं. फ्लेक्स प्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला चालत नाहीत. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही नवी. एवढं उघडल्यावर तिथे जुना माल घालणं म्हणजे पुन्हा उघडायची तयारी ठेवणं. प्लेट मध्यावर बसवायला मिस्त्रींकडे भंगारातला एक जुना इनपुट शाफ्ट होता. तो घालून प्लेट धरली, प्रेशर प्लेट कसली, शाफ्ट काढला आणि गिअरबॉक्स फार कटकट न करता बसला.

खरा घाम काढला तो पेडलने. डोकं गाडीच्या फ्लोअरवर, पाय सीटच्या पाठीवरून मागे, आणि हात डॅशबोर्डखाली. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल ब्रॅकेटसकट काढायचं, त्यासाठी स्टिअरिंगचा कॉलम सैल करून खाली घ्यायचा, मग बूस्टरची पिन काढायची, आणि हे सगळं अंदाजाने, कारण टॉर्च धरली की हाताला जागा उरत नाही. मिस्त्रींनी हे काम शांतपणे आमच्याकडे सोपवलं. "साहेब, तुम्ही बारीक आहात, तुम्हीच घुसा." क्लच केबलसाठी फायरवॉलमधून वाट काढली, तिला डोनर गाडीचाच रबर ग्रोमेट (भोकाची रबरी कडी) घातला. तो नसेल तर पहिल्या पावसात पायाशी पाणी.

गाडी कार्ब्युरेटरवाली, त्यामुळे इंजिनाच्या ईसीयूची (कंट्रोल करणाऱ्या कॉम्प्युटरची) भानगड नव्हती. वायरिंगमध्ये दोनच गोष्टी महत्त्वाच्या. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरी नव्या गिअरबॉक्सच्या स्विचला जोडल्या. दुसरी गोष्ट स्टार्टरची. ऑटोमॅटिक गाडी पी (पार्क) किंवा एनमध्ये (न्यूट्रलमध्ये) असेल तरच स्टार्ट होते. हे पाहणारा स्विच जुन्या गिअरबॉक्सबरोबर गेला की किल्ली फिरवून काहीच होत नाही. सगळे सांगतात, त्या दोन वायरी एकत्र पिळून टाका. गाडी सुरू होते खरी, पण मग ती गिअरमध्ये असतानाही सुरू होते. आणि मॅन्युअल गाडी उतारावर गिअरमध्येच लावावी लागते, कारण पी आता राहिलेला नाही. खिडकीतून हात घालून कोणी किल्ली फिरवली तर गाडी उडी मारणार. म्हणून त्या वायरी मी क्लच पेडलच्या ब्रॅकेटवर बसवलेल्या स्विचला नेल्या. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. मिस्त्रींना हे फाजील लाड वाटले.

स्पीडोमीटरची केबल नव्या गिअरबॉक्सला जशीच्या तशी लागली. रेडिएटरमधून जाणारे एटीएफचे (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे) दोन्ही पाइप काढून तोंडं बंद केली, रेडिएटर तोच ठेवला. पुढची चाकं उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले, क्लच केबलची चाल जुळवली, आयडलिंग पुन्हा सेट केलं, आणि मगच गाडी जमिनीवर आली.

फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो हायवेला. पूर्वी ऐंशीच्या पुढे इंजिन ओरडायचं, कारण वरचा गिअरच नव्हता. आता पाचव्यात आरामात बोलता येतं. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मात्र डावा पाय भरून येतो. तिथे ऑटोमॅटिकला तोड नाही, हे मान्य.

काका शेजारी बसून एक चक्कर मारून आले. गिअर बदलताना दर वेळी लिव्हरकडे बघत होते. "मला नाही जमायची आता ही," म्हणाले, "पण बरं झालं, भंगारात नाही गेली." मग लगेच, "घाटात फर्स्टमध्ये लावत जा रे, नुसत्या हँडब्रेकवर नको." हे ते अजूनही फोनवर सांगतात.

आरटीओत गाडी दाखवून नोंद करून घेतली. जुना गिअरबॉक्स बरेच दिवस पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून होता आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या डोळ्यांवर आला होता. शेवटी कोल्हापूरहून एक गृहस्थ टेम्पो घेऊन आले. त्यांच्याकडेही झेन ऑटोमॅटिक आहे आणि त्यांना ती ऑटोमॅटिकच ठेवायची आहे. वाल्व्ह बॉडी आणि सेन्सर तरी कामी येतील म्हणाले. टॉर्क कन्व्हर्टर, जुना लिव्हर आणि ते रुंद ब्रेक पेडलही मी त्यांना देऊन टाकलं.