‘ऊर्फ बापू’

सायटेशनचं, म्हणजे कोर्टाच्या नोटिशीचं, पाकीट परत आलं. वर पोस्टमननं निळ्या पेनानं लिहिलं होतं, ‘लेफ्ट’. थोरल्यानं लालबागची चाळ सोडली ती 1982 च्या गिरणी संपात. पोस्टाची पोच आम्हाला आता मिळाली.

मी फोर्टातल्या एका वकिलांकडे क्लार्क आहे, हायकोर्टातली प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता मिळवायची, कामं बघतो. या केसमध्ये आईनं मृत्युपत्र करून नव्या इमारतीतलं घर धाकट्या मुलाला दिलं होतं. मृत्युपत्र नसतं तर ज्यांना हिस्सा मिळाला असता, त्या सगळ्यांची नावं पिटिशनमध्ये द्यावी लागतात. ज्यांची संमती नाही त्यांना सायटेशन जातं. हरकत असेल तर 14 दिवसांत कॅव्हेट, म्हणजे लेखी हरकत, टाकायचं. माणूसच सापडत नसेल तर कुठं कुठं शोधलं याचं अ‍ॅफिडेव्हिट करून, कोर्टाच्या परवानगीनं पेपरात छापायचं.

धाकटे म्हणाले, “टाका कुठल्यातरी स्वस्तातल्या पेपरात.” असे पेपर मुंबईत आहेत. जाहीर नोटिसांपलीकडे त्यात फारसं काही नसतं आणि वाचणारे बहुतेक आमच्यासारखे क्लार्क. मीही तिथं कित्येक नोटिसा दिल्यात, खोटं कशाला बोलू?

अ‍ॅफिडेव्हिटसाठी जुन्या शेजाऱ्यांकडे गेलो. पिटिशनमधलं नाव ऐकून एक आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, बापू म्हणा की! तो इचलकरंजीला मागावर गेला.”

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “मग नोटीस तिकडच्या आवृत्तीत दे. आणि ‘ऊर्फ बापू’ घाल.” धाकटे खर्चावरून फणफणले. साहेबांनी त्यांच्यासमोर वारसा कायद्याचं 263 कलम उघडून ठेवलं: ज्याला कळवायला हवं होतं त्याला न कळवता मिळवलेलं प्रोबेट पुढे रद्द होऊ शकतं. त्यावर चेक मिळाला.

नोटीस छापून आल्यावर अकराव्या दिवशी एक बाई ऑफिसात आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत कात्रण, ‘ऊर्फ बापू’खाली पेनाची रेघ.

“हे माझे वडील. 2009 ला गेले.”

म्हणजे नोटीस मयताच्या नावानं निघाली होती, आणि वारस समोर उभी होती. पाणी दिलं. त्यांनी मृत्युपत्राचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, “आजी कधी गेली?” पिटिशन काढून तारीख सांगितली. त्यांनी ती कात्रणाच्या मागे लिहून घेतली.

मग मला बोलणं भाग होतं. “ताई, आम्ही तुमच्या काकांचे वकील. तुम्ही तुमचा वकील करा. कॅव्हेट टाकलंत तर त्यापाठोपाठ आठ दिवसांत अ‍ॅफिडेव्हिट लागतं. मग या पिटिशनचा दावा होतो, वर्षं लागतात.” त्यांनी तारखेखाली 14 आणि 8 हे आकडे लिहिले आणि निघाल्या.

संध्याकाळी धाकट्यांचा फोन आला. “तीनच दिवस राहिले ना? कुणी आलं नाही ना?”

मी फोन साहेबांकडे दिला.