अर्ध्या दाराआडचा डिंक : आमची वाटचाल

आमच्याकडं लाडवांसाठी फोन येतो तो बहुतेक वेळा होणाऱ्या आजीचा. "ताई, आमच्या मुलीची तारीख पुढच्या महिन्यात आहे," इथून बोलणं सुरू होतं. मी त्यांना सांगते, नाव लिहून ठेवते, पण लाडू आधी करून ठेवणार नाही. बाळ झाल्याचा फोन आला की त्या दिवशी डिंक तळायला काढायचा, म्हणजे बाळंतीण दवाखान्यातून घरी येईपर्यंत ताजा डबा दारात. आमच्या ऑर्डरच्या वहीत म्हणूनच तारखेचा रकाना पेन्सिलनं भरलेला असतो. बाळं आपल्या वेळेनं येतात, आणि आमचं काम त्यांच्या वेळेवर चालतं.

या कामाची सुरुवातही एका बाळंतपणातच झाली. मी सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हिशेब बघायचे. आम्ही चौघंच होतो. 2018 च्या फेब्रुवारीत मला मुलगी झाली. आदल्याच वर्षी कायदा बदलून बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली होती, पण दुकानं-ऑफिसांपैकी दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील त्यांनाच तो कायदा लागू. चार माणसांच्या ऑफिसात तो पोचत नाही. अडीच महिने बिनपगारी सुट्टी मिळाली आणि मग "येणार की नाही ते एकदा सांगा" असा निरोप आला. मुलगी अंगावर पीत होती, रात्री तीनदा उठत होती. मी नाही म्हणून कळवलं आणि त्या दिवशी खूप रडले. पगार तर गेलाच होता, पण रोज सकाळी साडी नेसून, डबा घेऊन बाहेर पडणारी मीही त्या दिवशी थांबले, याचं दुःख जास्त होतं.

तासगावाहून आईनं डिंकाच्या लाडवांचे दोन डबे आणले होते. शेजारच्या काकूंच्या सुनेनं त्यातले चार खाल्ले आणि तिच्या बहिणीसाठी दोन किलो करून मागितले. मी आईला फोन करून प्रमाण लिहून घेतलं. अर्धा किलो खारीक पूड, तेवढंच सुकं खोबरं, पाव किलो डिंक, पाव किलो बदाम, शंभर ग्रॅम खसखस, पाऊण किलो गूळ, अर्धा किलो तूप, वर जायफळ-वेलदोडा. तीन किलोला थोडे कमी लाडू होतात. आजही हेच प्रमाण आहे, फक्त परात मोठी झाली.

डिंकाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लाडू बिघडतो तो तिथंच. डिंक आणला की आधी कडक ऊन दाखवायचं, मग मोठे खडे फोडून हरभऱ्याच्या दाण्याएवढे करायचे. तूप तापलं की एकच खडा टाकून बघायचा. तो तळाशी बसून राहिला तर तूप गार आहे, लगेच लाल झाला तर जास्त तापलंय. टाकल्याबरोबर वर येऊन लाहीसारखा फुलला की मूठभर डिंक टाकायचा, मुठीपेक्षा जास्त नाही. घाई केली की वरून फुललेला दिसतो आणि आत काचेसारखा कच्चा राहतो, मग तो दातांना चिकटतो. तळलेला खडा बोटांत दाबल्यावर भुगा झाला पाहिजे. गुळाचंही तसंच. तो नुसता विरघळून वर बुडबुडे आले की कढई उतरवायची. पाक पुढं गेला तर लाडू दगड होतात, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला असा लाडू द्यायचा नाही.

आता घरातलं. मुलगी रांगायला लागली तेव्हा ओट्यावर तापलेलं तूप आणि खाली मूल, असं रोज चाललं होतं. ती सव्वा वर्षाची असताना एका दुपारी गुळाची कढई उतरवून मी मागं वळले, तर तिनं ओट्यावरून लोंबणारं फडकं मुठीत धरलेलं. फडक्याचं दुसरं टोक कढईखाली होतं. मी तिची मूठ सोडवली आणि तिला उचलून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. तो सगळा घाणा तसाच गार होऊन घट्ट झाला. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून स्वयंपाकघराला कमरेइतक्या उंचीचं अर्धं दार बसवलं, कडी आतून. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, मूल जागं असताना तळण नाही आणि पाक नाही. खारका फोडणं, खोबरं किसणं, निवडणं, डबे भरणं हे ती जागी असताना. आगीचं काम पहाटे पावणेपाच ते साडेसहा. घरून धंदा करणाऱ्या आयांनी बाकी काही नाही तरी एवढं दार जरूर बसवावं. माझ्या सगळ्या खर्चांत तो सुताराचा खर्च मला सर्वांत मोलाचा वाटतो.

लोकांना वाटतं, घरीच असते म्हणजे मोकळी असते. शेजारचं पार्सल आपल्याकडं, वरच्या मजल्यावरचा गॅस सिलिंडर आपण घ्यायचा, दुपारी पाहुणे आले की चहा. हात तुपानं माखलेले आणि मूल कडेवर असताना "अगं, घरीच असतेस ना?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. सासूबाईंनाही सुरुवातीला हे काम आवडलं नव्हतं. एकदा त्यांनी माझ्याबरोबर बसून दोन किलो खारका फोडल्या. संध्याकाळी हात शेकत त्या म्हणाल्या, "हे नोकरीपेक्षा जड आहे गं." त्यानंतर 11 ते 3 कोणी आलं तर दारातच "ती कामात आहे" असं त्या सांगायला लागल्या. माझ्या कामाला काम म्हणणाऱ्या घरातल्या त्या पहिल्या.

पण मी स्वतः तरी त्याला काम समजत होते का? हिशेब हा माझा पेशा. तरी पहिलं वर्षभर मी किलोचा भाव 450 ठेवला होता. माल, गॅस, डबा धरून 340 खर्च, म्हणजे किलोमागं 110 सुटतात यावर मी खूश होते. एका रविवारी मुलगी झोपल्यावर मी वही घेऊन बसले आणि दहा किलोंच्या ऑर्डरला लागलेले तास मांडले. बाजार, निवडणं, वाळवणं, किसणं, भाजणं, तळणं, वळणं, डबे भरणं, पोचवणं, फोन, भांडी. 27 तास झाले. 1,100 भागिले 27, तासाला 41 रुपयेही पुरते नाहीत. दुसऱ्या कोणाच्या वहीत असा आकडा दिसला असता तर मी त्यांना लगेच सांगितलं असतं, तुमची मजुरी धरा. स्वतःची मजुरी धरायची मात्र मला सुचलीच नव्हती, कारण ते घरात, मूल झोपल्यावर, मधल्या वेळात केलेलं काम होतं. पुढच्या आठवड्यात भाव 620 केला. काही गिऱ्हाइकं तुटली. एका बाई म्हणाल्या, "घरीच तर करता, एवढं कशाला?" मी त्यांना तासांचा कागद वाचून दाखवला. त्यांनी ऑर्डर दिली नाही, पण वर्षभरानं सुनेसाठी दिली.

भाव वाढला म्हणूनच मदतीला बाई ठेवता आली. आज दोघीजणी येतात, दोघीही आया. मुलं शाळेत असतात तेवढाच त्यांचा वेळ, 11 ते 3. तासावर पैसे, शनिवारी हातात. "ताई, उद्या तासभर उशीर होईल, पोराची परीक्षा हाय," असं एकीनं सांगितलं की आम्ही त्या दिवसाचा घाणा लहान धरतो. यात उपकाराचा काही भाग नाही. मला जे ऑफिसात मिळालं नाही ते माझ्याकडं येणाऱ्या बाईला मिळावं, हे मी ठरवूनच ठेवलं होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 फुटांची. आमच्या घरात पाणी आलं नाही, पण गणपती पेठेतल्या ज्या दुकानातून मी खारीक-खोबरं घ्यायचे ते बुडालं. दुकानदारकाकांनी ओल्या पोत्यांचा ढीग दाखवला तेव्हा मला बोलता आलं नाही. पुढचे दोन महिने ते जेमतेम माल आणायचे, तरी मी दुकान बदललं नाही.

एक चूक माझी स्वतःची. अळिवाचे लाडू मी नारळाच्या पाण्यात अळीव भिजवून, ओलं खोबरं आणि गूळ घालून करते. फ्रिजमध्ये ते चार-पाच दिवस राहतात, बाहेर नाही. मे महिन्यात एकांनी फार आग्रह केला म्हणून मी पुण्याला कुरिअरनं पाठवले. तिसऱ्या दिवशी बाळाच्या आजींचा फोन आला, डबा उघडला तर आंबूस वास. नशीब, कोणी खाल्ले नव्हते. पैसे परत केले, डिंकाचे लाडू वेगळे पाठवले, आणि अळिवाचे लाडू तेव्हापासून सांगलीबाहेर जात नाहीत, कितीही आग्रह झाला तरी.

नोंदणीबद्दल बायका फार विचारतात, म्हणून सांगते. मी घेतली तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या घरगुती खाद्य व्यवसायाला अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला 100 रुपये. 14 आकडी क्रमांक मिळतो, तो डब्यावर छापायचा. छोट्या धंद्यांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे. दोन्ही ऑनलाइन होतात, एजंटला हजारो रुपये द्यायची गरज नाही. डब्यावर वजन, किंमत, घटक, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचे ते, सगळं स्पष्ट हवं. आणि लाडू हे औषध नाही, हे मी प्रत्येकीला फोनवर सांगते. साखरेचा त्रास असेल, सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच ऑर्डर द्या म्हणते. दूध वाढतं का, असं विचारणाऱ्यांना मी वचन देत नाही. नीट खाणं, पाणी आणि झोप मिळाली पाहिजे, एवढंच सांगते.

2021 मध्ये मला मुलगा झाला. तेव्हा सव्वा महिना मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. दोघींनी आणि सासूबाईंनी मिळून सगळ्या ऑर्डरी पोचवल्या. सातव्या दिवशी दोघी डबा घेऊन माझ्या खोलीत आल्या. "ताई, हा तुमचा. पाक बघा बरोबर झालाय का." मी लाडू फोडला. डिंक आतपर्यंत फुललेला होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा आता माझ्या एकटीच्या हातावरचा धंदा राहिला नाही.

सध्या महिन्याला 70 ते 80 किलो लाडू जातात, थंडीत त्याहून जास्त. मुलगी आता शाळेत जाते, धाकटा तिच्या मागं मागं असतो. अर्धं दार अजून तसंच आहे, फक्त मुलगी आता त्याच्यावरून आत बघण्याइतकी उंच झालीय. कालच्या पहाटे ती लवकर उठली आणि डोळे चोळत दाराला टेकून उभी राहिली. नियमाप्रमाणं मी गॅस बंद करायला हात पुढं केला, तर म्हणाली, "आई, मी बाहेरच थांबते. एक खडा टाक ना." मी टाकला. तिनं दारापलीकडूनच मान उंचावून बघितलं आणि सांगितलं, "फुलला."