250 किलोमीटरचा वळसा, 26 मिनिटांची बचत

फ्लाइट डिस्पॅचर म्हणजे विमानाचा मार्ग आणि इंधन जमिनीवरून ठरवणारी व्यक्ती. या कामात काही दिवस विसरता येत नाहीत. हिवाळ्यातला हा त्यातलाच एक. लंडनच्या हीथ्रोहून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाकडे जाणाऱ्या विमानाचा फ्लाइट प्लॅन माझ्याकडे होता. पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलं तर हे अंतर साधारण 5,540 किलोमीटर. नकाशावर ती रेषा उत्तरेकडे फुगलेली दिसते, पण सर्वांत जवळची वाट तीच.

त्या दिवशी त्या वाटेवर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, समोरून येत होता. वाऱ्याच्या तक्त्यात अटलांटिकभर बाणांची गर्दी, आणि टोकांना काळे त्रिकोण. असा एक त्रिकोण म्हणजे 50 नॉट, ताशी सुमारे 93 किलोमीटर. सरासरी काढली तर ताशी 150 किलोमीटरचा विरोध. विमान हवेतून 880च्या वेगाने कापत गेलं, तरी जमिनीच्या हिशेबाने पुढे सरकणार 730नेच. म्हणजे साडेसात तासांहून थोडं जास्तच. समोरच्या वाऱ्यामुळे हवेतून कापायचं अंतर जवळपास 6,680 किलोमीटर. इंधन लागतं ते या अंतराला, नकाशावरच्या नव्हे.

मी प्लॅन ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून नेला. वाट सुमारे 250 किलोमीटरने वाढली, पण समोरचा वारा 70वर आला. वेळ आली सात तास नऊ मिनिटं.

उड्डाणाआधी कॅप्टनचा फोन आला. "मॅडम, एवढं उत्तरेला का नेलंत? थेट वाट मोकळी आहे."

"मोकळी आहे, कारण आज तिथून कुणालाच जायचं नाहीये," मी म्हटलं आणि दोन्ही वाटांचे आकडे वाचून दाखवले. जेएफकेला संध्याकाळी बर्फाचा अंदाज होता. उतरण्याआधी घिरट्या घालाव्या लागणार हे उघड होतं. या आकाराच्या विमानाला तासाला सात टनांच्या आसपास इंधन लागतं, म्हणजे 26 मिनिटांचे तीन टन. ते समुद्रावर वाऱ्याशी झुंजण्यात घालवण्यापेक्षा न्यूयॉर्कच्या डोक्यावर हाताशी असलेलं बरं. पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि शेवटचं 30 मिनिटांचं राखीव वेगळंच. त्याला हात लावायचा नसतो.

कॅप्टन क्षणभर थांबले. "पाठवा. सही करतो."

झालंही तसंच. रनवेवरचा बर्फ काढेपर्यंत विमानाला वर फिरवत ठेवलं, पण दुसऱ्या विमानतळाकडे वळावं लागलं नाही. वैमानिकांवर इंधनाचा ताण येऊ न देणं, हेच मी माझं खरं काम मानते.

रात्री परतीच्या विमानाचा प्लॅन केला, तेव्हा त्याच जेट स्ट्रीमच्या मधोमध विमान घातलं. तेच दोन विमानतळ, तेच 5,540 किलोमीटर, आणि वरच्या आकाशातला वेळ पाच तास तेवीस मिनिटं. 9 फेब्रुवारी 2020 रोजी, सियारा वादळाच्या वेळी, ब्रिटिश एअरवेजचं 747 याच दिशेने चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं होतं. आमचा वारा तेवढा नव्हता, पण हीथ्रोला पहाटे वेळेआधी येणाऱ्या विमानाला गेट मोकळं मिळेल का, हे विचारायला मला लगेच फोन उचलावा लागला.