दुरुस्तीची नोंदवही : गळता नळ आणि खाली आलेले दार

घरातल्या किरकोळ दुरुस्त्यांची वही मी तीन महिन्यांपूर्वी सुरू केली, तेव्हा पहिल्या पानावर अकरा कामे लिहिली होती. त्यांपैकी सात आता पूर्ण झाली आहेत. आज त्यांतल्या दोनच कामांविषयी सविस्तर लिहितो, कारण ती दोन्ही मी वर्षभर टाळली होती आणि गोंद वाळण्याचा वेळ सोडला तर एकालाही दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागला नाही.

पहिले काम स्वयंपाकघरातल्या नळाचे. थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून मी त्याखाली फडक्याची घडी ठेवली होती, आणि काम रखडण्याचे खरे कारण ती घडीच होती असे आता माझे ठाम मत झाले आहे. आवाज थांबला तशी कामाची आठवणही थांबली. एका रात्री मी फडके काढून तिथे मापाचे भांडे ठेवले. सेकंदाला साधारण एक थेंब पडत होता आणि आठ तासांत भांड्यात जवळजवळ दीड लिटर पाणी जमले. या हिशेबाने दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर आणि वर्षाला दीड हजार लिटरपेक्षा जास्त पाणी वाया जात होते. आकडा डोळ्यांसमोर आल्यावर काम पुढे ढकलणे मला शक्यच झाले नाही.

मुख्य कॉक बंद केला, नळ उघडून आतले उरलेले पाणी जाऊ दिले आणि बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून मोरीच्या जाळीवर कापड टाकले. नटावर ओरखडे येऊ नयेत यासाठी त्याला कापड गुंडाळून मगच पान्हा लावला. स्पिंडल, म्हणजे नळाची मूठ फिरवली की वर-खाली होणारा आतला दांडा, बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाचा रबरी वायसर हातात आला. तो शिंगासारखा कडक झाला होता आणि त्याच्या तोंडावर गोल, खोल खाच पडली होती. नळ गळतो म्हणून आपण तो रोज अधिक जोराने आवळतो, त्या दाबाने वायसर बैठकीच्या (नळाच्या आत तो ज्यावर टेकून पाणी अडवतो त्या गोल तोंडाच्या) कडेवर आणखी चिरडला जातो आणि गळती वाढतच जाते, हे त्या खाचेकडे पाहून नीट समजले. बैठकीवरून बोट फिरवून ती गुळगुळीत असल्याची खात्री केली, कारण बैठकच खडबडीत असेल तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जातो. नवा वायसर बसवताना एक काळजी जरूर घ्यावी: नट आवळण्यापूर्वी स्पिंडल फिरवून वर, म्हणजे नळ उघडा असतानाच्या स्थितीत, ठेवावा; नाहीतर वायसर आवळतानाच दबून खराब होतो. आता नळ दोन बोटांनी बंद होतो.

दुसरे काम दाराचे होते. खोलीचे दार कुलपाच्या बाजूने खाली येऊन फरशीला घासत होते. लाकूड फुगले असावे असे समजून खालच्या कडेला रंधा मारण्याचा विचार मी अनेकदा केला होता आणि तो अमलात आणला नाही याचे आज समाधान वाटते, कारण दोष खाली नव्हताच. दाराच्या वजनाने वरच्या बिजागरीचे स्क्रू चौकटीतून बाहेर ओढले जातात, तर खालची बिजागरी उलट चौकटीवर दाबली जाते. वरच्या तीन स्क्रूंपैकी दोन नुसतेच फिरत होते. भोकांतल्या लाकडाची धरच सुटली होती.

दाराखाली पाचर ठोकून त्याचे वजन पेलले आणि ते दोन स्क्रू काढले. बांबूच्या बारीक काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकांत घट्ट बसतील तेवढ्या ठोकल्या, वरची टोके पातीने सपाट कापली आणि पूर्ण 24 तास हात लावला नाही. घाई करावीशी वाटते ती याच टप्प्यावर. मात्र गोंद ओला असताना स्क्रू पिळला तर काड्याच त्याच्याबरोबर फिरू लागतात. दुसऱ्या दिवशी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून जुनेच स्क्रू हाताने पिळले. शेवटच्या दोन वेढ्यांत मनगटाला जो विरोध जाणवला, तो वर्षभर त्या स्क्रूंत नव्हता. पाचर काढून दार एका बोटाने लोटले, तेव्हा ते आवाज न करता चौकटीपर्यंत गेले आणि कुलपाची जीभ खाचेत टक्कन बसली. त्यानंतर मी ते दार काही कारण नसताना सात-आठ वेळा उघडून लावले.

उरलेल्या चार कामांत न्हाणीघरातला नळ सर्वांत अवघड दिसतो. त्याची बैठक बोटाला खडबडीत लागते, त्यामुळे केवळ वायसर बदलून भागणार नाही, ती घासून सपाट करावी लागेल. त्याखाली ठेवलेली बादली मी कालच उचलली आहे.